मोजायचा कापडी ऑक्टोपस: सात महिन्यांनंतर

लेक तीन वर्षांची झाली तेव्हा हा ऑक्टोपस घरात आला. आठ हात, प्रत्येकावर १ ते ८ पैकी एक आकडा आणि त्या आकड्याइतकी शिवलेली बटणं. बटणं म्हणजे ऑक्टोपसच्या हातांना असतात त्या चिकटणाऱ्या वाट्या. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर वाईटच लिहिलं असतं.

कारण लेक मोजायला लागली की थांबायचीच नाही. हात गोलाकार लावलेले, आणि आकडे वाचता येत नव्हते. सात, आठ, नऊ, दहा करत ती पहिल्या हातावर परत यायची आणि तशीच पुढे जायची. ओळीत मांडलेले ठोकळे मात्र बिनचूक मोजायची. गोलाला सुरुवात नसते, शेवटही नसतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी एका हाताला लाल रिबीन बांधली. रिबिनीपासून निघायचं, रिबीन परत दिसली की थांबायचं. चार दिवसांत जमलं.

पण "मग किती हात झाले?" असं विचारलं की ती पुन्हा एकपासून सुरू करायची. मोजता येणं वेगळं, आणि शेवटी म्हटलेला आकडा ही सगळ्यांची मिळून संख्या आहे हे कळणं वेगळं. त्याला जवळजवळ दोन महिने गेले. मी घाई केली नाही, आणि तुम्हीही करू नका. एका संध्याकाळी ती जरा वैतागूनच म्हणाली, "आठच ना गं आई, मगाशीच मोजले!" त्या दिवशी मला खेळण्याचे पैसे वसूल झाले.

तिथून गाडी खऱ्या ऑक्टोपसकडे वळली. त्याला तीन हृदयं असतात: दोन कल्ल्यांतून रक्त ढकलतात, तिसरं बाकीच्या अंगाला पुरवतं. कागदाची तीन हृदयं कापून आम्ही त्याच्या डोक्याखाली खोचली. रक्तात तांबं असल्यामुळे ते निळं दिसतं, म्हणून लेकीने तिन्ही निळी रंगवली. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून, "माझं एकच."

एक चूक खटकते. चेहऱ्यावर हसरं तोंड शिवलंय. ऑक्टोपसचं तोंड खाली, सगळे हात जिथे एकत्र येतात तिथे असतं, आणि त्यात पोपटासारखी चोच असते. अंगातला तेवढाच भाग कडक. म्हणून तर तो एवढ्याशा फटीतून निघून जातो. आम्ही खेळणं उलटं करून मार्करने चोच काढली. आता ती आल्यागेल्याला आधी चोचच दाखवते. आकडे आठावर संपतात, तेव्हा दहासाठी स्क्विडचं चित्र काढून घेतलं: आठ हात आणि दोन लांब शुंडा.

खरी तक्रार शिलाईची आहे. पाचव्या महिन्यात दोन बटणं सैल झाली, आणि ६ चा हात मुळापासून उसवला. बनवणाऱ्यांना कळवलं, उत्तर नाही. लहान भावंड घरात असेल तर हे खेळणं नकोच. आमच्यासारखं घेतलंच असेल तर दर आठवड्याला प्रत्येक बटण जोरात ओढून बघा. तोंडात गेलं तर घशात अडकू शकतं.

हात तुटल्यावर लेकीने रिबिनीपासून मोजलं. "सात. एक गेला." मी सुईदोरा काढला तर तिने मला अडवलं. ऑक्टोपसचा तुटलेला हात पुन्हा उगवतो, हे तिला मीच सांगितलं होतं, आणि ते खरंही आहे. आता उगवू द्यायलाच हवा होता. जुना हात कपाटात ठेवला आणि त्या जागी बोटभर कापड शिवलं. दर थोड्या दिवसांनी ती झोपल्यावर त्याला आणखी जोड देते, लांबी वाढली की एक बटण लावते. सकाळी उठल्या उठल्या ती बटणं मोजते. आज चार झाली.