झेरॉक्सच्या दुकानात लिब्रेऑफिस : गणपती ते मिरग

गेल्या गणपतीत दुकानातल्या दोन्ही कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस, म्हणजे टायपिंग आणि हिशेबाचं फुकट सॉफ्टवेअर, टाकलं. आता मिरग लागलाय, आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापून संपली, शाळेचे दाखले अजून सुरू व्हायचेत. मधल्या मोकळ्या दिवसांत हे लिहून काढतोय. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "चलता काय ता?" चलता. नऊ महिन्यांत गिऱ्हाईक तुटलं नाही. दोनदा मात्र घाम फुटला, तेही सांगतो.

माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, मालवण तालुक्यात. काम म्हणाल तर अर्ज, प्रतिज्ञापत्रं, ग्रामपंचायतीचे ठराव, होमस्टेवाल्यांचे दरपत्रक, जत्रेच्या बॅनरचा मजकूर, आणि फेब्रुवारीनंतर आंबेवाल्यांचे हिशेब. आधीचं ऑफिस सॉफ्टवेअर विकतचं नव्हतं. एका पोराने पेनड्राइव्हवरून टाकून दिलं होतं, मीही काही विचारलं नव्हतं. मग वर लाल पट्टी यायला लागली आणि एक दिवस सगळं नुसतं वाचायला उरलं, टाईप काही होईना. चूक माझीच.

फुकटातलं काय मिळतं ते शोधताना मला आठवलं फक्त 'ओपनऑफिस', कारण फार वर्षांपूर्वी क्लासमधल्या सरांनी ते दाखवलं होतं. तेच डाउनलोड केलं आणि तीन आठवडे वापरलं. ते डॉकएक्स, म्हणजे वर्डची, फाइल उघडतं, पण डॉकएक्स म्हणून सेव्ह करत नाही, हे मी बघितलंच नव्हतं. एका कार्यालयाला ओडीटी, म्हणजे ओपनऑफिसच्या स्वतःच्या प्रकारची, फाइल पाठवली, तिथून फोन, "हे कसलं पाठवलंत? नेहमीसारखं पाठवा." चतुर्थीला भाचा पुण्याहून आला. तो सर्व्हर सांभाळायचं काम करतो. त्याने आरतीला जायच्या आधी दुकानात डोकावून बघितलं आणि म्हणाला, "मामा, ह्या नुसता नाव रवला हा. माणसां कधीच दुसरीकडे गेली."

हे वाक्य मला लगेच कळलं, कारण आमच्याकडे दशावताराच्या कंपन्यांत हेच होतं. कंपनीला मालक असतो. पेटारा त्याचा, गाडी त्याची, बॅनरवरचं नाव त्याचं. पण आख्यान कोणाच्याच मालकीचं नसतं, आणि संवाद तर लिहिलेलेही नसतात, पात्र उभं राहून जागच्या जागी बोलतं. मालकाशी पटलं नाही की राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा, उठतो, मागोमाग स्त्रीपार्ट करणारा, मग पेटीवाले आणि पखवाजवाले. पुढच्या जत्रेत तेच आख्यान, तीच माणसं, बॅनर मात्र नवा. जुन्या नावाची कंपनीही कुठेतरी फिरत असते. ज्याला ठाऊक नसतं तो जुनं नाव ऐकून तिला सुपारी देतो. मी तेच केलं होतं.

हकीकत अशी. जर्मनीत मार्को बोरीसने १९८५ मध्ये स्टारडिव्हिजन नावाची कंपनी काढली, तिचं स्टारऑफिस. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने ती विकत घेतली आणि २००० मध्ये सोर्सकोड, म्हणजे प्रोग्रॅम ज्यातून बनतो तो मूळ मजकूर, सगळ्यांना खुला केला. ते झालं ओपनऑफिस. पुढे सनचेच दिवस फिरले. एप्रिल २००९ मध्ये ऑरेकल या दुसऱ्या कंपनीने ७.४ अब्ज डॉलरला सन घ्यायचं जाहीर केलं, जानेवारी २०१० मध्ये व्यवहार पुरा झाला. त्यात जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा होती, सोलारिस ही ऑपरेटिंग सिस्टिम होती, सर्व्हर होते, मायएसक्यूएल हा डेटाबेस होता. ओपनऑफिस म्हणजे पेटीतला खालचा थर. वरचे आंबे बघून पेटी उचलली, त्यात हेही आलं.

ज्यांनी वर्षानुवर्षं त्यावर काम केलं होतं ते धास्तावले, आणि त्याला कारण होतं. ऑगस्ट २०१० मध्ये ओपनसोलारिसचं, म्हणजे सोलारिसच्या खुल्या आवृत्तीचं, उघड्यावर चालणारं काम ऑरेकलने थांबवलं. त्याच महिन्यात जावावरून गूगलवर दावा ठोकला. मग २८ सप्टेंबर २०१० ला ओपनऑफिसच्या बऱ्याच जुन्या मंडळींनी द डॉक्युमेंट फाउंडेशन ही आपली संस्था जाहीर केली. लिब्रेऑफिस हे नाव तेव्हा सोयीपुरतं होतं. ऑरेकलला त्यांनी रीतसर बोलावलं होतं, या आणि जुनं नाव आम्हाला द्या म्हणून. नाव मिळालं नाही. उलट ऑक्टोबरमध्ये ओपनऑफिसच्या समितीतल्या, फाउंडेशनमध्ये गेलेल्या सदस्यांना जागा सोडायला सांगण्यात आलं. दोन्ही बॅनरखाली उभं राहता येणार नाही, असा अर्थ.

पुढचं फार पटापट झालं. जानेवारी २०११ मध्ये लिब्रेऑफिस ३.३ बाहेर आलं. फेब्रुवारीत जर्मनीत रीतसर संस्था नोंदवण्यासाठी भांडवल लागत होतं, ५०,००० युरो. वर्गणी काढली आणि आठ दिवसांत जमली. आमच्या मंडळाला सभामंडपाच्या पत्र्यासाठी दोन वर्षं लागली, म्हणून हा आकडा माझ्या डोक्यात राहिलाय. एप्रिल २०११ च्या उबुंटूत, म्हणजे एका फुकट लिनक्स सिस्टिममध्ये, ओपनऑफिसऐवजी लिब्रेऑफिस आलं. जूनमध्ये ऑरेकलने ओपनऑफिस अपाचे फाउंडेशन या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेला देऊन टाकलं. तोवर पात्रं गेली होती.

ऑरेकल एकटीच दोषी, असं मात्र मी म्हणणार नाही. भाच्याने खोदून सांगितलं, कुरबुर सनच्या काळापासूनची होती. ओपनऑफिसमध्ये कोणी भर घातली तर त्या कोडचा हक्क सनलाही लिहून द्यावा लागे. काहींना ते पटत नसे, आणि सनने न घेतलेल्या सुधारणा घालून गो-ओओ नावाची वेगळी आवृत्ती आधीपासूनच चालू होती. ती पुढे लिब्रेऑफिसमध्येच मिसळली. म्हणजे कंपनी विकली गेली तेव्हा भांडण सुरू झालं नाही, तेव्हा फक्त माणसं उठली.

अजून एक गंमत लायसनची. अपाचेच्या लायसनखालचा कोड लिब्रेऑफिसवाले घेऊ शकतात, पण लिब्रेऑफिसचा कोड तसाच्या तसा अपाचेला आपल्या लायसनखाली घेता येत नाही. पाणी एकाच बाजूला वाहतं. ओपनऑफिसची ४.१ ही आवृत्ती २०१४ ची, त्यानंतर आलंय ते ४.१ चंच पुढचं दुरुस्तीकाम. लिब्रेऑफिस वर्षातून दोनदा नवीन येतं. मी टाकलं तेव्हा २४.८ होतं, फेब्रुवारी २०२५ मध्ये २५.२ आलं. ऑक्टोबर २०२० मध्ये, ओपनऑफिसला वीस वर्षं झाली तेव्हा, लिब्रेऑफिसवाल्यांनी अपाचेला उघड पत्र लिहिलं की तुमच्याकडे येणाऱ्या लोकांना निदान सांगा तरी, पुढचं काम आमच्याकडे चालू आहे. त्या पत्राने माझ्यासारख्यांचं काही भलं झालं नाही. मला २०२४ मध्येही आधी जुनंच नाव सापडलं.

आता वापर.

मराठीसाठी एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा. टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात भाषांचा भाग, तिथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून मराठी निवडा. इथे इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा धरला जातो, साइजसुद्धा वेगळी. हे ठाऊक नसल्यामुळे मी पहिला आठवडा कपाळाला हात लावून बसलो होतो, इंग्रजी नाव बारा पॉइंटचं आणि मराठी मजकूर भलताच. स्टाइलमध्ये दोन्ही एकदा ठरवून टाकले, मी मुक्त हा फॉन्ट घेतलाय, आणि तो नमुना म्हणून सेव्ह केला. त्यानंतर त्रास नाही. जोडाक्षरं, रफार, 'ऱ्या' सगळं नीट पडतं. भाषा मराठी ठेवली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. पत्रिका छापणाऱ्याला हे किती महत्त्वाचं असतं ते पत्रिका छापणाराच जाणे.

जुन्या फाइलींचं दुखणं वेगळं. माझ्याकडे साठेखत, भाडेकरार, वारस अर्ज असे नमुने पंधरा वर्षांचे साठलेत, सगळे युनिकोड ही सगळीकडे चालणारी पद्धत यायच्या आधीच्या फॉन्टमधले. फॉन्ट नसेल तर ते इंग्रजी अक्षरांची भेळ दिसतात. यात लिब्रेऑफिसचा काही दोष नाही, कुठेही उघडा तेच दिसणार. ऑक्टोबरभर दुपारी गिऱ्हाईक नसताना बायको आणि मी ते कन्व्हर्टरमधून काढून ओळ न् ओळ तपासत बसलो. ती वाचायची, मी बघायचो. एका खरेदीखतात 'पूर्वेस वहाळ' आहे तिथे 'पूर्वेस वाहळ' झालं होतं. सर्व्हे नंबरात एक शून्य कमी झालं असतं तर? ते काम करायला नऊ महिन्यांतला एक गेला, पण आता नमुने कोणाच्याही मोबाइलवर उघडतात.

कॅल्कवर, म्हणजे लिब्रेऑफिसमधल्या एक्सेलसारख्या प्रोग्रॅमवर, मी खूश आहे. आमच्याकडचे बागायतदार वाशीला माल पाठवतात, तिथून दलालाची पट्टी येते. किती पेट्या, किती डझनी, काय भाव, त्यातून हमाली, भाडं, बाकीची वजावट. मे महिन्यात एकेक जण पिशवीभर पट्ट्या आणून टेबलावर ओततो आणि म्हणतो, "बघ रे, माका किती गावले?" प्रदेश भारत ठेवला की आकडे लाख-हजाराच्या स्वल्पविरामाने पडतात, म्हाताऱ्या माणसाला कागद दिला तर तो बोटाने मोजत बसत नाही. एका दुपारी वळिवाचा पाऊस आला, लाइट गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली होती हे तेव्हाच कळलं. त्रेचाळीस पट्ट्या भरून झाल्या होत्या. लाइट आल्यावर फाइल परत मिळवू का असं कॅल्कने आपणहून विचारलं, शेवटची एक पट्टी तेवढी गेली. ऑटोसेव्हची वेळ मी आधीच दोन मिनिटांवर आणून ठेवली होती. तुम्हीही आणा, कोकणात दहा मिनिटं म्हणजे फार.

घाम फुटला ते प्रसंग. पहिला, एका सोसायटीचं परिपत्रक डॉकएक्समध्ये आलं, तक्त्यासकट. त्यातला फॉन्ट माझ्याकडे नव्हता. दुसरा लागला, ओळी वाढल्या आणि अध्यक्षांच्या सहीची जागा दुसऱ्या पानावर एकटीच जाऊन बसली. मी न बघता शंभर प्रती काढल्या. कागद माझा गेला. आता बाहेरून आलेली फाइल आधी पूर्ण बघतो, आणि जी फक्त छापायची आहे ती पीडीएफच मागतो. दुसरा, एका हॉटेलवाल्याची बुकिंगची एक्सेल फाइल, आत मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, भरलेले. अर्धे चालले, अर्धे नाहीत. त्याला हात जोडले आणि सांगितलं, हे तुम्ही जिथे बनवलंत तिथेच चालवा. ज्यांचं सगळं काम अशा फाइलींवर आहे त्यांनी बदलू नये.

भाच्याला मी मध्ये विचारलं, ही मंडळीही उद्या विकली गेली तर? तो हसला नाही. त्याचं स्वतःचं तोंड पोळलेलं होतं. आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला रेड हॅट ही लिनक्सची कंपनी घेतली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८, म्हणजे रेड हॅटच्या लिनक्सची फुकट आवृत्ती, जे २०२९ पर्यंत चालायचं होतं, ते २०२१ च्या अखेरीस बंद. त्याच्याकडचे सर्व्हर त्याच भरवशावर उभे. तो निर्णय आयबीएमचा की रेड हॅटचा यावर त्यांच्यात तेव्हा खूप वाद झाले म्हणे. पण लोकांनी नुसता आरडाओरडा केला नाही, काही महिन्यांत त्याच्या जागी अल्मालिनक्स आणि रॉकीलिनक्स उभी केली. रॉकी हे नाव सेंटओएसच्या एका दिवंगत संस्थापकाचं. मायएसक्यूएलच्या मूळ कर्त्याने तर ऑरेकलचं सावट दिसताच मारियाडीबी काढलं. मायएसक्यूएलमधली 'माय' ही त्याची थोरली मुलगी, मारिया धाकटी. थोरलीचं नाव विकलं गेलं, धाकटीचं हाताशी होतं.

लिब्रेऑफिसलाही सगळे सुखाने नांदतायत असं नाही. कोडचं मोठं काम कोलॅबोरासारख्या कंपन्यांचे पगारी लोक करतात, आणि त्यांचंही पोट आहे. २०२० मध्ये ७.० च्या चाचणी आवृत्तीवर 'पर्सनल एडिशन' असं लिहून आलं, तर लोक खवळले. आज पर्सनल म्हणताय, उद्या दुकानात वापरायला पैसे मागाल. मला तो राग समजतो, माझंही दुकानच आहे. शेवटी ७.१ ला 'कम्युनिटी' हा शब्द आला. फुकट वापरणाऱ्याने पैसे देणाऱ्याच्या पाटीवर इतकं चिडावं का, हाही प्रश्न आहेच. मी भाच्याच्या कार्डावरून दहा युरो पाठवले आणि गप्प बसलो.

बायकोला अजून मेनू आवडत नाही, ती म्हणते सगळं दोन क्लिक लांब आहे. तिच्या कॉम्प्युटरवर वर टॅबवाली मांडणी लावून दिली, ती व्ह्यूमध्ये यूझर इंटरफेसमध्ये मिळते. मराठी मेनूही आहेत, पण आम्ही दोघं इंग्रजीवरच शिकलो, त्यामुळे 'जतन करा' दिसलं की हात थबकतो.

सध्या मंडळाच्या पावत्यांचं काम हातात आहे, पाचशे, प्रत्येकीवर वेगळा क्रमांक. कॅल्कमध्ये आकडे आणि मेल मर्जने पावती, एका पानावर चार. नमुना तयार आहे. पिवळा कागद अजून कणकवलीहून आलेला नाही.