आरटीआय टाकून १९५५ च्या गोळीबाराची कागदं मागितली, माझा रिव्ह्यू (५ पैकी ३)

आधी सांगते कशासाठी वापरलं. आमचे आजोबा गिरणीत होते, २१ नोव्हेंबर १९५५ च्या संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गेले आणि फ्लोरा फाउंटनला पोलिसांनी गोळीबार केला त्यात त्यांच्या मांडीला गोळी लागली. वाचले. त्या दिवशी १५ जण गेले, मग जानेवारी ५६ मधे मुंबई केंद्रशासित करणार म्हटल्यावर परत गोळीबार, आणि आपण शाळेत १०६ हुतात्मे शिकलो (कुठे १०५, कुठे १०७ पण छापतात). जे गेले त्यांची निदान यादी तरी आहे, पण जखमींचं काय, ते किती होते, कोण होते? न्यायालयीन चौकशी तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाईंच्या सरकारने होऊच दिली नाही, सी. डी. देशमुखांनी अर्थमंत्रीपद सोडताना यावरही बोट ठेवलं होतं. म्हणजे काही असेल तर सरकारी फायलींतच.

अर्ज टाकणं खरंच सोपं आहे, १० रुपये फी, एकच विषय, १५० शब्दांत बसवायचं. मी तीनच गोष्टी मागितल्या: गोळीबाराचा आदेश कोणी दिला, किती राउंड झाडले, जखमींची यादी. फोनवर विचारलं गेलं, "कशाला हवंय मॅडम इतकं जुनं?" कारण सांगावं लागत नाही, कलम ६(२) मधे स्पष्ट आहे, नम्रपणे तेच सांगा. आणि कलम ८(३) अर्जातच लिहा. २० वर्षांपेक्षा जुन्या घटनेची माहिती द्यावी लागते, तीन अपवाद सोडले तर. मला हे आधी माहीत नव्हतं, हाच एक मुद्दा समजला तरी ही पोस्ट लिहिल्याचं चीज होईल.

तिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर, "अभिलेख उपलब्ध नाही". कार्यालयाचं नाव लिहित नाही. खूप वाईट वाटलं, रडलेसुद्धा, पण बरेच लोक इथेच सोडतात, तुम्ही सोडू नका प्लीज. फाईल नष्ट केली असेल तर कधी, कोणाच्या आदेशाने, नष्ट केलेल्या कागदांच्या यादीत तिची नोंद कुठाय, ते मागा. सरकारी कागदांचे वर्ग असतात, कागद 'अ' वर्गातला असेल तर तो कायम ठेवायचा असतो. प्रथम अपिलाला २० रुपये लागले, सुनावणीत साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, नष्ट केलेल्या कागदांची यादीही त्यांच्याकडे नव्हती, पण परत शोधायचा लेखी आदेश दिला. त्यावरही तेच उत्तर आलं. दोन स्टार यासाठीच कापलेत, कायदा चांगलाय पण कपाट कोणी उघडून बघितलंय असं वाटतच नाही.

आता माहिती आयोगाकडे दुसरं अपील टाकलंय, ९० दिवसांच्या आत टाकावं लागतं. आजीने ट्रंकेत जपून ठेवलेली हॉस्पिटलची चिठ्ठी आहे, तारीख २१-११-५५, त्यात गोळी काढल्याचं लिहिलंय, तिची झेरॉक्स जोडलीय.