क्यूएमूवर वजनकाटा: कापसाच्या हंगामानंतरचा अनुभव

क्यूएमू म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरं खोटं कॉम्प्युटर उभं करणारा एम्युलेटर, आणि केव्हीएम म्हणजे त्याला वेग देणारी लिनक्समधली सोय. कापसाचा अख्खा हंगाम जिनिंगचा वजनकाटा मी त्याच्यावर चालवला आणि आता आवक थांबल्यावर लिहायला बसलोय. एम्युलेटर उत्तम आहे, हे आधीच सांगतो. पण तो सुरू करणारी जी स्क्रिप्ट असते, तिच्यात मशीन टाइपची, म्हणजे कोणतं खोटं मदरबोर्ड उभं करायचं ते सांगणारी, एक ओळ असते. तिने जेवढा जीव खाल्ला तेवढा बाकी कशानेच खाल्ला नाही. म्हणून इथे तीच ओळ जास्त दिसेल.

आमचं जिनिंग धरणगाव तालुक्यात. गेटला लागून काटा, काट्याच्या खोलीत आप्पा बसतात. वजनाचा प्रोग्रॅम विंडोज एक्सपीच्या जमान्यातला, म्हणून क्यूएमूच्या आत एक्सपी चालतो. गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, गाव, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि डॉट मॅट्रिक्सवर तीन प्रतींची पावती. एवढंच काम, पण चोख. बनवणाऱ्याने केव्हाच धंदा बदलला. नवीन सॉफ्टवेअरवाल्याने जो आकडा सांगितला त्यात वर्षाचं मेंटेनन्स वेगळं, वर जुन्या पावत्यांचा डेटा येणार नाही हे वेगळं. शेठ म्हणाले, "चालतंय ना? मग चालू दे." मलाही ते पटतं. चालत्या गोष्टीवर पैसे घालायचे नाहीत. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला, पण हा एक्सपी इंटरनेटवर जातच नाही. क्यूएमूच्या अंगभूत 'यूझर नेटवर्क'ला 'रिस्ट्रिक्ट ऑन' लावलं की आतल्या सिस्टिमचा बाहेरचा रस्ता बंद होतो.

मुहूर्ताच्या खरेदीच्या आठवड्यात काट्याचं जुनं कॉम्प्युटर गेलं. नवीन घेतलं, त्यावर ताजं लिनक्स टाकलं, डिस्क इमेज (एक्सपीची अख्खी हार्डडिस्क एका फाइलमध्ये) आणि आधीच्या माणसाने लिहून ठेवलेली स्क्रिप्ट आणून चालवली. उत्तर आलं: 'अनसपोर्टेड मशीन टाइप'. स्क्रिप्टमध्ये पीसी-आय440एफएक्स या मदरबोर्डच्या नावापुढे क्यूएमूच्या दोनच्या मालिकेतल्या आवृत्तीचा जुना क्रमांक होता आणि नव्या क्यूएमूतून तो काढून टाकलेला होता. मी स्क्रीनकडे बघतोय आणि आप्पा दारातून सांगतायत, "भाऊ, काटा चालू व्हत नही, बाहेर गाड्यास्नी रांग लागी गयी."

त्या घडीला करण्यासारखं एकच होतं. क्रमांक काढून नुसतं 'पीसी' लिहिलं. मग 'नो-एचपेट'वर (एचपेट म्हणजे मदरबोर्डवरचा एक टायमर) अडलं, कारण तो पर्याय क्यूएमूच्या 9.0 आवृत्तीत गेला आणि आता ते मशीनच्या ओळीतच 'एचपेट ऑफ' असं लिहावं लागतं. मग 'साउंडएचडब्ल्यू' या साउंड कार्डाच्या पर्यायावर अडलं, तो 7.1 पासूनच नाही. दोन्ही दुरुस्त केल्यावर एक्सपी उठला आणि 'नवीन हार्डवेअर सापडलं'च्या खिडक्या एकामागून एक उघडायला लागल्या. एक बंद करावी तर दुसरी, शेवटी रीस्टार्ट मागितला. बाहेर ट्रॉल्या, छोटा हत्ती, आयशर, सगळे हॉर्न वाजवतायत. ज्या माणसाचा कापूस ट्रॉलीत आहे त्याला भाव आणि वजन या दोनच गोष्टी हव्या असतात, त्याला एचपेटचं काय?

आता या ओळीचं मूळ. क्यूएमू जे खोटं मदरबोर्ड उभं करतो त्याला क्रमांक असतो. नुसतं 'पीसी' लिहिलं तर ते टोपणनाव आहे, जी आवृत्ती बसवली असेल तिच्या सगळ्यात ताज्या मशीनकडे ते बोट दाखवतं. म्हणजे लिनक्स अपडेट झालं की आतल्या विंडोजच्या पायाखालचं मदरबोर्ड बदललेलं असू शकतं. क्रमांक लिहून टाकला तर मदरबोर्ड जसंच्या तसं राहतं, पण त्या क्रमांकाचं आयुष्य ठरलेलं. प्रकल्पाचं धोरण असं की मशीनचा क्रमांक तीन वर्षांनी 'डेप्रिकेटेड' (पुढे काढणार असं जाहीर केलेला) होतो आणि सहा वर्षांनी काढला जातो. वर्षाला तीन आवृत्त्या येतात, साधारण एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे काट्यावर श्वास घ्यायला फुरसत नसते.

मला याचा फार राग आला होता. काटा वीस वर्षं टिकतो, लोडसेल (वजन मोजणारे सेन्सर) बदलले की आणखी टिकतो, आणि त्याच्या कॉम्प्युटरचं खोटं मदरबोर्डसुद्धा सहा वर्षांत मोडीत? हे लिहायला घेतलं तेव्हा पहिला मसुदा पूर्ण याच सुरात होता.

नंतर काढून टाकलेल्या गोष्टींचं त्यांचं दस्तऐवजाचं पान नीट वाचलं आणि मत बदललं, निदान अर्धं. तिथे प्रत्येक गेलेली गोष्ट कोणत्या आवृत्तीत गेली आणि तिच्या जागी काय वापरायचं, हे लिहून ठेवलंय. एखादा पर्याय काढायचा तर आधी तसं जाहीर करतात, तो त्या आवृत्तीत आणि पुढच्या एका आवृत्तीत चालू ठेवतात, मगच हात लावतात. आणि मशीनचे क्रमांक मुळात आमच्यासारख्यांसाठी नाहीतच. चालू व्हर्च्युअल मशीन न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता यावी, दोन्हीकडे क्यूएमूची आवृत्ती वेगळी असली तरी, त्यासाठी ते आहेत. जुना प्रत्येक क्रमांक म्हणजे शेकडो उपकरणांच्या कोडमध्ये 'त्या काळी हे असं वागायचं' अशी अट सांभाळणं. सोर्समधली मेंटेनर्स नावाची फाइल उघडून बघा. प्रत्येक भागापुढे स्थिती लिहिली आहे: 'सपोर्टेड' म्हणजे कुणाला तरी त्या कामाचा पगार मिळतो, 'मेंटेन्ड' म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवून आहे, 'ऑड फिक्सेस' म्हणजे जमेल तसं, आणि 'ऑर्फन' म्हणजे वाली नाही. 2003 साली फाब्रिस बेलार्डने सुरू केलेलं काम इतकी माणसं इतकी वर्षं ओढतायत. मी त्यासाठी एक रुपया दिलेला नाही. सहा वर्षं पुरेशी नाहीत हे माझं मत कायम आहे, पण राग गेला.

तरी काट्यासाठी उपाय हवाच होता. मी क्यूएमूची एक आवृत्ती सोर्सवरून स्वतः बांधून 'ऑप्ट' फोल्डरमध्ये वेगळी ठेवली. लिनक्स हवं तेवढं अपडेट होऊ दे, काटा त्या ठेवलेल्या क्यूएमूवरच चालतो. बांधताना टार्गेट लिस्टमध्ये फक्त आय386-सॉफ्टएमएमयू (32-बिट पीसी) द्या, नाहीतर आर्मपासून मिप्सपर्यंत सगळी यंत्रं बांधत बसेल. आणि लिबस्लर्पचं (यूझर नेटवर्क चालवणारी लायब्ररी) डेव्हलपमेंट पॅकेज आधी टाका. 7.2 पासून स्लर्प क्यूएमूच्या सोबत येत नाही. ते नसेल तर बांधणी बिनतक्रार पूर्ण होते आणि चालवताना 'यूझर नेटवर्क या बायनरीत नाही' असा निरोप येतो. स्क्रिप्टमध्ये मशीनचा पूर्ण क्रमांक, सीपीयूचं ठरावीक मॉडेल आणि नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, तिन्ही हाताने लिहून ठेवलंय.

आता ज्या गोष्टीने मन जिंकलं ती. आप्पांना आयकॉनवर दोनदा क्लिक करायची सवय. एकदा खिडकी यायला वेळ लागला म्हणून त्यांनी पुन्हा, परत पुन्हा क्लिक केलं. एकाच डिस्क इमेजवर दोन मशीन चालू झाल्या असत्या तर हंगामाच्या पावत्या मातीत गेल्या असत्या. दुसरी मशीन उठलीच नाही: 'राइट लॉक मिळालं नाही, दुसरी प्रोसेस ही इमेज वापरतेय का?' क्यूएमू 2.10 पासून हे कुलूप आपोआप लागतं. मी स्क्रिप्टमध्ये यासाठी एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्या निरोपाची ओळ मी लॉगमध्ये पुन्हा पुन्हा वाचली.

काट्याच्या डिस्प्लेचं वजन सिरियल पोर्टने येतं. नवीन कॉम्प्युटरला सिरियल पोर्ट नाही म्हणून यूएसबी कन्व्हर्टर. लिनक्स त्याला कधी टीटीवाययूएसबी0 म्हणतं, कधी 1. स्क्रिप्टमध्ये हे नाव लिहू नका. 'बाय-आयडी'वाला कायमचा मार्ग लिहा. स्वस्त सीएच340 चिपला स्वतःचा सिरियल नंबर नसतो, तसे दोन कन्व्हर्टर लावले तर आयडी सारखाच दिसतो. मग 'बाय-पाथ' वापरून कन्व्हर्टर त्याच खोबणीत ठेवायचा. आमच्या खोबणीवर लाल टेप लावलीय. बॉड रेट (सिरियल पोर्टचा वेग) आतला प्रोग्रॅम जो ठरवेल तो क्यूएमू खऱ्या पोर्टला लावतो, त्याची वेगळी चिंता नाही.

घड्याळाची ओळ विसरू नका. क्यूएमू आतल्या घड्याळाला यूटीसी (जागतिक) वेळ देतो आणि विंडोज ती स्थानिक वेळ समजतं. 'आरटीसी बेस लोकलटाइम' नसेल तर पावतीवर साडेपाच तास मागची वेळ छापली जाते. दुपारी कुणाच्या लक्षात येत नाही. पण चोपड्याकडून रात्रभर रांगेत थांबलेली ट्रॉली पहाटे चारला काट्यावर चढली, तर तिच्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख येईल, आणि दोन दिवसांचा भाव वेगळा असेल तर भांडण तिथेच उभं. पावतीवरची तारीख हा शेतकऱ्याचा हक्क आहे. ही ओळ मी स्क्रिप्टच्या सगळ्यात वर नेऊन ठेवलीय.

लाइट हा आमच्याकडचा खरा शत्रू. स्पीड वाढवायला कॅशे 'अनसेफ' करा असा सल्ला जागोजागी मिळतो. करू नका. त्यात आतल्या विंडोजने 'डिस्कवर लिही' म्हटलं तरी ते ऐकलं जात नाही, आणि लाइट गेली की डिस्क इमेजची क्यूकाऊ2 फाइल अर्धवट राहते. मी यूपीएसच्या स्क्रिप्टमधून क्यूएमपी सॉकेटवर (चालू क्यूएमूला हुकूम द्यायची वाट) 'सिस्टम पॉवरडाउन' पाठवतो, म्हणजे एक्सपीला पॉवरचं बटण दाबल्यासारखं वाटतं. अडचण एवढीच की पावती सेव्ह करायची का असा प्रश्न स्क्रीनवर उघडा असेल तर एक्सपी उत्तराची वाट बघत थांबतो. म्हणून स्क्रिप्ट थोडा वेळ थांबते, मशीन बंद झाली नाही तर ती गोठवून तिचा स्नॅपशॉट (त्या क्षणीची जशीच्या तशी स्थिती) घेते आणि मगच कॉम्प्युटर बंद करते. भर रांगेत लाइट गेली तेव्हा हे कामाला आलं. लाइट आल्यावर तोच प्रश्न, तीच अर्धी भरलेली पावती समोर.

हंगामाच्या मध्यात एक दिवस काटा एकदम स्लो झाला. पावतीचं एक खानं भरायला वेळ लागायचा. कारण बघा कुठे निघालं: मदरबोर्डवरचा बटन सेल कमजोर, त्यामुळे बायोस मूळ सेटिंगवर गेला, त्यात व्हर्च्युअलायझेशन बंद, आणि ते बंद असलं की केव्हीएम चालत नाही. स्क्रिप्टमध्ये 'केव्हीएम नसेल तर टीसीजी' (क्यूएमूची स्वतःची हळू पद्धत) असं लिहिलेलं, त्यामुळे क्यूएमूने प्रत्येक सूचना भाषांतर करून चालवायला घेतली. इशारा छापला होता, पण आयकॉनवरून सुरू केल्यावर तो कोण बघणार? हा पर्याय मी काढून टाकला. केव्हीएम नसेल तर मशीन उठूच नये, मराठीत निरोप दाखवून थांबावी. आप्पांनाही तेच बरं वाटतं.

बॅकअप रोज रात्री मशीन बंद केल्यावर. आधी क्यूएमू-इमेज या इमेज सांभाळणाऱ्या साधनाचं 'चेक', मग 'कन्व्हर्ट' करून दाबलेली प्रत पेनड्राइव्हवर. चालू मशीनची फाइल नुसती कॉपी करून तिला बॅकअप समजू नका. बेस (मूळ इमेज) आणि ओव्हरले (तिच्यावरचे फक्त बदल ठेवणारी फाइल) वापरत असाल तर 6.1 पासून बेस फाइलचा फॉरमॅट सांगितल्याशिवाय ओव्हरले तयार होत नाही, जुन्या स्क्रिप्टा इथेही अडतात.

प्रिंटर मात्र अजून मनासारखा नाही. यूएसबी-पॅरलल कन्व्हर्टरला क्यूएमू खरा पॅरलल पोर्ट मानत नाही, म्हणून छपाई फाइलमध्ये घेऊन स्क्रिप्ट ती कच्ची प्रिंटरला पाठवते. पावती संपली हे ओळखायला क्षणभर वाट बघावी लागते आणि तेवढ्यात गाडीचा ड्रायव्हर खिडकीतून हात आत घालतो.

पोळा झाला की इमेजच्या प्रतीवर ताज्या मशीन क्रमांकाने एक्सपी उठवून बघणार, हार्डवेअरच्या खिडक्या तेव्हाच संपवणार आणि रिकामा ट्रॅक्टर काट्यावर चढवून पावती काढणार. मशीनची यादी मागितली की कोणत्या क्रमांकापुढे 'डेप्रिकेटेड' लिहिलंय ते दिसतं. ती तपासणी मी स्क्रिप्टमध्येच घातलीय, तसा क्रमांक आला की ती मला बॅकअपच्या लॉगमध्ये सांगते. तुमच्याकडे जिनिंग असो की दाल मिल, जुना काटा-प्रोग्रॅम चालतोय आणि नवीन घ्यायचा नाही, तर हे सगळं बिनधास्त करा. फक्त हंगामाच्या आधी करा, आणि मशीनच्या ओळीत नुसतं 'पीसी' लिहून सोडू नका.