घराची गरज कुणाला विचारायची? ग्रामसभा, गल्लीबैठक आणि घरोघरची पाहणी

गावात किती कुटुंबांना घर हवं, हे जाणून घ्यायच्या तीन रीती आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पंचायत सदस्यांना किंवा युवक मंडळांना यांतल्या एकाच रीतीवर भर द्यायचा असेल, तर आमचा कौल गल्लीबैठकीला. मात्र शिक्का बसतो तो ग्रामसभेतच.

कर्नाटकच्या १९९३ च्या पंचायतराज कायद्याप्रमाणे वॉर्डसभा आणि ग्रामसभा सहा महिन्यांतून किमान एकदा घ्यावी लागते, आणि घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी तिथेच मंजूर होते. अडचण वेळेची आहे. सकाळी अकराची सभा म्हणजे उद्यमबागच्या कारखान्यातला कामगार पाळीवर आणि भांगलणीची बाई रानात. उरतात ते चार नेहमीचे बोलणारे. यादी वाचण्याआधीच रजिस्टरवर सह्या फिरवल्या जातात, हा दुसरा रोग. आधी यादी मोठ्याने वाचायला लावा, मग सही. ठराव कन्नडमध्ये लिहिला जातो, तेव्हा पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकारी) त्याचा अर्थ मराठीत समजून घ्या आणि ठराव क्रमांक टिपून ठेवा. गाऱ्हाण्याचं निवेदन मराठीत द्यायला घटनेच्या कलम ३५० चा आधार आहे. तरी सोबत कन्नड प्रत जोडली की कागद लवकर हलतो.

घरोघरच्या पाहणीत आकडा सर्वांत पक्का मिळतो, पण घाम निघतो. दोघांची जोडी, त्यात एक बाई हवीच. एका संध्याकाळी पंधरा-वीस घरं होतात, म्हणजे दोनशे उंबऱ्यांच्या गावाला तीन जोड्या आणि चार संध्याकाळी. प्रश्न दहाच्या वर नेऊ नका. सर्वांत कामाचा प्रश्न: एका छपराखाली चुली किती? तीन भाऊ, तीन चुली, पण उतारा वडिलांच्या नावावर आणि रेशन कार्ड एकच, असं घर सरकारी कागदावर एक कुटुंब ठरतं आणि दोघांची गरज दिसतच नाही. त्यानंतर छप्पर कौलाचं की पत्र्याचं, शौचालय आहे का, जागा स्वतःची की गायरानातली, ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन नोंदीतला, मालमत्तेचा उतारा निघालाय का. हा शेवटचा प्रश्न विचारायचा राहिला तर नाव यादीत येऊनही जागेच्या कागदावाचून घर अडतं.

पाहणीतला धोका वेगळाच: फॉर्म भरला म्हणजे घर मिळालं, असा लोकांचा समज होतो आणि त्यावर एजंट पैसे उकळतात. म्हणून कागदाच्या माथ्यावरच ठळक लिहा, ‘हा अर्ज नव्हे.’ आधार क्रमांक घेऊ नका, त्याची गरजच नसते.

गल्लीबैठक या दोन्हींच्या मधली. पंचवीस-तीस माणसं, तासभर, संध्याकाळी डेअरीत दूध घालून झाल्यावर. जागा शाळेची किंवा अंगणवाडीची घ्या; देवळाच्या कट्ट्यावर बैठक ठेवली की काही वस्त्या येतच नाहीत, आणि नेमकी गरज तिथेच जास्त असते. जमिनीवर खडूने गल्लीचा नकाशा काढा. ज्या घराला दुरुस्ती हवी तिथे तुरीचा दाणा, ज्या कुटुंबाला जागाच नाही तिथे खडा. दूधगंगा-वेदगंगेकाठच्या गावांत २०१९ च्या पुराचं पाणी कुठवर आलं, तेही त्यावर ओढा. नवीन घरांची जागा ठरवताना ही रेघ सर्वांत उपयोगी पडते. नकाशाशी उकिडव्या बसलेल्या बायका सभेत गप्प राहणाऱ्याच असतात, पण इथे ‘तो खडा अलीकडं घ्या’ म्हणून बोट दाखवतात. बैठकीची उणीव एकच, लाजेपोटी भाडेकरू आणि एकटी विधवा आपलं नाव पुढे करत नाहीत. त्यांच्या दारी दुसऱ्या दिवशी जायला हवं.

वेळ असेल तर आधी बैठक, मग फक्त शंकेच्या घरांची पाहणी, आणि वॉर्डसभेच्या आठवडाभर आधी यादी पंचायतीच्या फलकावर लावायची. हरकत घेणाऱ्याला भिंतीपाशी उभं राहून वाचता येतं. सभेत उठून बोलण्याचं धाडस सगळ्यांना नसतं. प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये सपाट भागाला १ लाख २० हजार मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं लागतं, हेही बैठकीतच सांगा. वरचा खर्च पेलणार कसा, हे माणूस तेव्हाच बोलतो.

बेळगाव शहरात ग्रामसभा नाही, ५८ वॉर्डांची महापालिका आहे. तिथे नगरसेवकापुढे ठेवायला पाहणीचा कागदच कामाला येतो. वडगाव, खासबागच्या विणकर गल्ल्यांत त्यात एक प्रश्न वाढवा: माग कुठे आहे आणि रात्री माणसं झोपतात कुठे.