नळीचे तोंड कापावे की नळीच बदलावी?

जर्मन सैन्याने १८९८ मध्ये स्वीकारलेल्या माउझर बोल्ट रचनेवर (बोल्ट म्हणजे नळीचे मागचे टोक बंद करणारा सरकता दांडा) बांधलेली एखादी जुनी शिकारी रायफल नेम चुकवू लागते, तेव्हा दोष पुष्कळदा नळीच्या तोंडाशी असतो. पुढून घातलेल्या साफसफाईच्या गजाने तेथील, गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांच्या कडा झिजतात, गोळीमागचा वायू सगळीकडून सारखा सुटत नाही आणि गोळी कलते. खराबी एवढीच असेल, तर नळी लेथवर आतल्या छिद्राच्या अक्षाशी जुळवून (बाहेरच्या पृष्ठभागाशी नव्हे, कारण दोन्ही नेहमी एककेंद्री नसतात) झिजलेला भाग कापावा आणि तोंड नव्याने घडवावे. गोळीचा वेग किंचित घटतो, शिवाय नेमाची पुढची खूण कधी कधी मागे सरकवावी लागते.

गंज चेंबरपर्यंत, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागापर्यंत, खोल गेला असेल किंवा नळी फुगली असेल, तर मात्र ती बदलण्यावाचून गत्यंतर नाही. त्यात चेंबर कोरणे, बंद बोल्ट व काडतूस यांतील अंतर गेजने तपासणे आणि जर्मनीत उल्म किंवा झूलसारख्या ठिकाणच्या सरकारी चाचणीगृहात जादा दाबाच्या काडतुसांनी परीक्षा, असे सगळे येते. आतल्या खाचा शाबूत असताना एवढा खर्च करणे मला उधळपट्टी वाटते.