उत्तरेच्या हॉलला क्रीम की फिकट राखाडी?
गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटसाठी वहिनी या दोन रंगांत अडकल्यात. हॉलची खिडकी उत्तरेला. डिसेंबरात नाशिकला सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे 46 अंशांच्या आसपासच चढतो. त्या खिडकीतून ऊन येतच नाही, येतो तो आकाशाचा निळसर उजेड. त्यात राखाडी भिंत आणखी निळी, उदास दिसते. क्रीमवर तोच उजेड उबदार वाटतो.

खर्च जवळपास सारखाच. स्विचबोर्डाभोवतीचे हातांचे डाग मात्र क्रीमवर लवकर दिसतात. पुसता येणारं इमल्शन घ्या, निभावतं.

हॉलला क्रीमच. दक्षिणेच्या खोलीत हिवाळ्यात ऊन आतपर्यंत शिरतं, तिथे राखाडी खुलते. मुलांची खोली तिकडे असेल तर खुशाल लावा. आधी दोन्हींचे हातभर पट्टे मारून सकाळ-संध्याकाळ बघा.