रत्नागिरीतल्या सुतार मेस्त्रींचं काम : एक अख्खा पावसाळा काढल्यावर

आमचं घर रत्नागिरीत, तिसऱ्या मजल्यावर. समुद्राकडचा वारा थेट आत येतो आणि इमारत नव्वदच्या दशकातली. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला इथल्याच एका सुतार मेस्त्रींकडून दारं-खिडक्या, सिंकखालचं कपाट आणि एक भिंतीतलं कपाट असं बरंच काम करून घेतलं. काम संपल्यावर लगेच लिहिता आलं असतं, पण कोकणात लाकडाचं काम चांगलं झालं की नाही हे श्रावण सरल्याशिवाय कळत नाही. आता ऑक्टोबर आला, म्हणून लिहिते.

सगळ्यात आधी पुढच्या दाराबद्दल. सागाचं जुनं दार, एरवी थोडं घासायचं आणि पावसाळ्यात तर खांदा लावून ढकलावं लागायचं. आधी जो कोणी आला त्याने रंधा मारून दिला. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की कडेला फट, आणि पुढच्या जूनला पुन्हा तेच. या मेस्त्रींनी रंधा पिशवीतून काढलाच नाही. चौकटीच्या आतल्या कडेला निळा खडू घासला, दार हलकेच लावलं, उघडलं आणि खडू दारावर कुठे उमटलाय ते मला दाखवलं. वरचा कडीकडचा कोपरा आणि खाली उंबऱ्याजवळ, बस. मधल्या भागाला डागसुद्धा नाही. “वहिनी, हे फुगलेलं नाही, लवलंय. वरची बिजागरी बघा.” बिजागरीचे स्क्रू नुसतेच फिरत होते, भोकं झिजून मोठी झालेली. सागाच्या बारीक खुंट्या तासून, फेविकॉल लावून त्या भोकांत ठोकल्या, रात्रभर तशाच ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी नव्याने भोक पाडून लांब स्क्रू बसवले. दार दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर आलं.

पण दार उतरवलेलं असताना त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या मते सगळ्या कामातलं हे सर्वांत मोलाचं. दाराच्या खालच्या आणि वरच्या कडेला कधी रंगच लागलेला नव्हता. समोरून, मागून चकचकीत आणि खाली कोरं लाकूड. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. ओल सर्वांत जास्त शोषली जाते ती कापलेल्या टोकांतून. फरशी पुसताना, पाऊस आत येताना तीच टोकं पाण्यात. तिथे प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात दिले. खर्च म्हणाल तर काहीच नाही. जुलैत सलग पाऊस लागला होता तेव्हाही दार एका हाताने लागत होतं. ज्यांच्या घरी दार पावसात अडकतं त्यांनी रंधा मारून घेण्याआधी खालच्या कडेला एकदा हात फिरवून पाहावा.

खिडक्यांचंही असंच. दोन खिडक्यांच्या चौकटी खालून कुजल्या होत्या. दुसऱ्या एकाने सगळ्याच काढून अ‍ॅल्युमिनियमच्या बसवायचा सल्ला दिला होता. मेस्त्रींनी टोच्या घेऊन खालून वर टोचत पाहिलं, चांगलं लाकूड कुठे लागतं तिथे पेन्सिलीची खूण केली, तेवढाच भाग तिरका कापला आणि सागाचा तुकडा सांधला. एका खिडकीत सांध्याची रेघ आता रंगाखालून दिसायला लागली आहे. सांधा मात्र घट्ट आहे, बोटाने दाबून पाहिलं, ओल नाही.

सिंकखाली पूर्वी पार्टिकल बोर्ड होता, तळ फुगून भुगा सुटत होता. तिथे १८ मिमीचा मरीन प्लाय वापरला. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द कशालाही लावतात, त्यामुळे शीटवरचा शिक्का बघायचा: मरीनसाठी आयएस (म्हणजे भारतीय मानक) ७१०. आयएस ३०३ हा साध्या वापराच्या प्लायचा शिक्का. आयएस ७१० च्या चाचणीत प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. मेस्त्रींनी उरलेला तुकडा माझ्या हातात दिला, “टोपात उकळून बघा” म्हणाले. दुपारभर उकळला, थर सुटले नाहीत. शीट सव्वाशे रुपये फुटाने पडली, म्हणजे आठ बाय चारची एक शीट ४,००० रुपये. कपाट फरशीपासून चार इंच वर, पीव्हीसीच्या पायांवर घेतलं आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या कडासुद्धा रंगवल्या. पावसाळ्यात सिंकची नळी एकदा गळली, तरी तळ जसाच्या तसा आहे.

सामान आम्ही स्वतः आणलं, मजुरी रोजावर ठरवली: मेस्त्रींचे १,२०० आणि त्यांच्या हाताखालच्या मुलाचे ७००. सुताराला घेऊन दुकानात गेलं की त्याचं कमिशन बिलात बसतं, ही पद्धत सगळीकडे आहे. मेस्त्रींनीच ते मोकळेपणाने सांगितलं आणि यादी लिहून दिली. ठरलेलं सगळं वहीत लिहिलं, पैसे आठवड्याच्या आठवड्याला दिले. भांडण सोडाच, शब्दाला शब्दही झाला नाही.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवायचं नाही, दीड इंच जागा सोडायचीच, हा त्यांचा आग्रह. ती फट दिसायला बरी दिसत नाही. पण यंदा कपड्यांना बुरशीचा वास नाही, आणि आमच्याकडे सप्टेंबरात हे मोठं सुख आहे.

आता त्रासाचं. शिमग्याला मेस्त्री गावी गेले ते पालखी घरोघर फिरून होईपर्यंत आले नाहीत, घरात चौकटी उघड्या. इथला माणूस शिमगा सोडणार नाही, हे धरूनच काम द्यावं. फोन उचलत नाहीत, संध्याकाळी स्वतःहून करतात. भुसा घरभर. सिंकच्या दाराची सनमायका ऑगस्टमध्ये खालच्या कोपऱ्यात सुटली. गणपतीच्या आधी सगळ्यांनाच घर नीट करून हवं असतं, त्यामुळे ते विसर्जनानंतर आले. आले मात्र न चुकता, जुना गोंद खरवडून, पुन्हा चिकटवून, चिमटे लावून गेले आणि पैसे घेतले नाहीत. कपाटाचा एक खण ओढताना कुरकुरतो, चॅनेल थोडं तिरकं बसलंय, ते अजून राहिलंय.

कारखान्यात तयार झालेल्या फर्निचरची सफाई हवी असेल तर या कामात ती मिळणार नाही, कडा हाताने घासलेल्या आहेत हे जवळून कळतं. पण जुनं लाकूड वाचवायचं असेल, कुठलं टाकायचं आणि कुठलं ठेवायचं हे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस हवा असेल, तर गावातला सुतार शोधा. शोधताना फोटो मागू नका. त्याने तीन-चार वर्षांपूर्वी केलेलं दार कुठे आहे ते विचारा आणि शक्यतो पावसात जाऊन उघडून बघा. आम्हीही तसंच केलं होतं.

पुढचं काम माळ्याच्या दारांचं ठरलंय. गावच्या घरी फणसाच्या जुन्या फळ्या पडून आहेत, मेस्त्रींनी त्या उलटसुलट करून पाहिल्या, वाळवी नाही म्हणाले. फक्त आत्ता हात लावायचा नाही, पडवीत खाली पट्ट्या घालून, हवा खेळती ठेवून डिसेंबरपर्यंत सुकू द्यायच्या. तशा रचून ठेवल्या आहेत.